घरचे भजन आणि दारची वरात

नवागामच्या वस्तीत संध्याकाळ उतरू लागली की किती प्रकारचे आवाज एकाच वेळी कानांवर येतात, याचा अनुभव येथे राहिल्याखेरीज यावयाचा नाही. उधन्याकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी, पाळी बदलून परतणाऱ्या कामगारांच्या सायकलींच्या घंटा, कुठल्याशा गच्चीवरून येणारे हरिपाठाचे सूर, श्रावणात कानबाईची गाणी आणि लग्नसराईत रात्री अकरापर्यंत चालणारा खान्देशी बँड. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे या शहरात आणून सोडली आणि त्या माणसांनी आपली गाणीही बरोबर आणली. मागे ठेवण्याजोगे त्यांच्यापाशी फारसे नव्हते, आणि आणण्याजोगे जे होते त्यात गाण्याला भाडे पडत नव्हते.

या आवाजांत आणखी एक आवाज असतो. तो आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण त्याची चौकशी कोणी केलेली नसते. एखाद्या चाळवजा घराच्या माडीवर वीस-पंचवीस माणसे चटईवर बसलेली असतात. टाळ्यांचा ठेका धरलेला असतो. कोणी डोळे मिटून, हात उंचावून, मोठ्याने प्रार्थना करीत असतो. ही पेन्टेकॉस्ट पंथाची मंडळी. आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या शेजारी असे एखादे घर असेल. अशाच एका घरातील मुलामुळे मला जो धडा मिळाला, तो सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मुलाचे नाव मी देत नाही, कारण त्याला अजून याच वस्तीत लहानाचे मोठे व्हावयाचे आहे.

मुलगा आठवीत होता. वर्गात त्याचे बोलणे जेमतेम, परंतु बोटे मात्र सदैव बोलत असत. बाकावर, कंपासपेटीवर, पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर ती कोठेही पडली तरी ठेका धरीत. एकदा मी वर्गाबाहेरून जात असता आतून ढोलकीचा हुबेहूब आवाज आला. डोकावून पाहिले तर दप्तराच्या खाली पुठ्ठ्याचे खोके ठेवून हा गडी वाजवीत होता आणि सारा वर्ग डोलत होता. मला पाहताच त्याने हात असे मागे घेतले, की जणू काही चोरी करताना सापडला! त्या हात मागे घेण्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. शिक्षकाचे भय एवढाच अर्थ मी घेतला.

२६ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी आमच्या बाईंनी मुलींचा एक समूहनाच बसविला होता. गाणे चित्रपटातले होते. ढोलकीला मुलगा हवा होता, आणि साऱ्या शाळेने एकमुखाने याचेच नाव घेतले. तो माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, घरी चालणार नाही. आमच्यात जगिक गाणी वाजवत नाहीत.” मी हसलो. म्हटले, “अरे, हा शाळेचा कार्यक्रम. घरी सांगायची गरजच काय?”

हे वाक्य माझे. तीस वर्षे मुलांना खरे बोलावयास शिकविणाऱ्या माणसाने ते उच्चारले, आणि त्या वेळी त्यात काही चुकते आहे असे मला वाटलेही नाही. एका गुणी मुलाला संधी मिळवून देत असल्याच्या आनंदात मी होतो.

मुलाने ढोलकी वाजविली आणि अशी वाजविली, की टाळ्या मुलींच्या नाचापेक्षा ढोलकीलाच अधिक पडल्या. कोणी तरी मोबाईलवर ते चित्रित केले. संध्याकाळच्या आत ते घरोघर फिरले आणि त्याच्या वडिलांपर्यंतही पोहोचले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी मी स्वतः त्याच्या घरी गेलो.

त्या भेटीत काय झाले ते सांगण्यापूर्वी ‘जगिक’ या शब्दाकडे थोडे वळले पाहिजे. आपल्या संतवाङ्मयात जसा ‘प्रपंच’, तसा मराठी ख्रिस्ती भाषेत ‘जग’ हा शब्द आहे. देवाकडे पाठ फिरवून जे काही चालते ते सारे जग. दारू, तंबाखू, जुगार, सिनेमा हे तर त्यात येतेच, पण कडक घरांत चित्रपटगीते, वरातीतले नाच, काही ठिकाणी दागिनेसुद्धा त्यात मोडतात. पेन्टेकॉस्ट हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ पन्नासावा. वल्हांडण सणानंतरच्या पन्नासाव्या दिवशी येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते अन्य भाषांत बोलू लागले, अशी कथा बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तोच अनुभव आजही येतो आणि तो यावा, ही या पंथाची श्रद्धा.

पुष्कळांची अशी समजूत असते, की हे प्रकरण अलीकडे अमेरिकेतून आले. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात अझूसा रस्त्यावरच्या ज्या सभांमुळे हा पंथ जगभर पसरला, त्या १९०६ मध्ये सुरू झाल्या, हे खरे. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ च्या जून महिन्यात, आपल्या पुणे जिल्ह्यातील केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मराठी मुलींनी असाच अनुभव घेतला होता. दुष्काळातून वाचविलेल्या, वैधव्याने पोळलेल्या त्या मुली दिवसच्या दिवस मोठमोठ्याने प्रार्थना करीत होत्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्राम्स यांनी त्यावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात एका परिचित मिशनरी दांपत्याच्या हाती पडली आणि तेथील पेन्टेकॉस्ट चळवळीला तिच्यातून चालना मिळाली. केडगावच्या माळावरचा आवाज असा सातासमुद्रापलीकडे गेला. स्वतः रमाबाईंनी कोणताही नवा पंथ काढला नाही. बायबलाचे मराठी भाषांतर पुरे करून १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. पण आमच्या नवागामच्या माडीवरची प्रार्थना आपल्या भाषेला अगदीच परकी नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

आता त्या भेटीकडे वळतो. घर दोन खोल्यांचे, स्वच्छ. भिंतीवर बायबलातील एक वचन आणि दिनदर्शिका. मुलाचे वडील लूमवर कामाला. माणूस बांध्याने आडवा, बोलण्यात सौम्य. मला वाटले होते, एखाद्या तापट, हेकट माणसाशी गाठ पडेल. त्याने खुर्ची पुसून दिली, पत्नीला चहा टाकावयास सांगितले आणि म्हणाला, “सर, मुलाला मी मारलं नाही. फक्त शाळेत पाठवलं नाही. ढोलकी वाजवली म्हणून नव्हे हो. खोटं बोलला म्हणून. दोन आठवडे प्रॅक्टिसला जात होता आणि घरी जादा तास सांगत होता.”

मी म्हटले, “भाऊ, खोटे बोलायला मी सांगितले होते.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग आपली हकीकत सांगू लागला. तो मूळचा नवापूर तालुक्यातील एका आदिवासी पाड्यावरचा. नवापूर म्हणजे ते स्थानक, ज्याची अर्धी बाके महाराष्ट्रात आणि अर्धी गुजरातेत. तरुणपणी तो पंचक्रोशीतला नावाजलेला ढोलवाला होता. लग्न असो, होळी असो, तो नसला तर नाचाला रंग चढत नसे. आणि ढोल म्हटला की मोहाची दारू आलीच. वाजविणाऱ्याला पैसे कमी आणि दारू जास्त, असा रिवाज. तीन-तीन रात्री घराबाहेर जात. अशाच एका लग्नात तो असताना त्याची वर्षाची मुलगी तापाने फणफणली. पत्नी एकटीच तिला उचलून निघाली. काही वाट पायी, काही बैलगाडीने असे करीत तिने चिंचपाड्याचे मिशनचे इस्पितळ गाठले. मुलगी वाचली. चौथ्या दिवशी हा शुद्धीवर येऊन तेथे पोहोचला, तेव्हा पत्नीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईची नातलग मंडळी तिच्या मुलीसाठी प्रार्थना करीत होती. तो दाराशी उभा राहून ऐकत राहिला.

“सर, त्या वर्षी मी दारू सोडली,” तो म्हणाला. “आणि ढोलही सोडला. लोक म्हणाले, दारू सोड, ढोल कशाला सोडतोस? पण मला माझी खबर होती ना. माझ्या अंगात दोघे एकाच दारातून शिरायचे. एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवणं मला जमलं नसतं. ढोल वाईट नाही, सर. मी कच्चा होतो.”

ती मुलगी आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. चहाचे कप तिनेच आणून ठेवले.

आम्ही बोलत असताना खालून एक वरात निघाली. आपला खान्देशी बँड कसा असतो ते वाचकांना ठाऊक आहेच. भिंती थरारू लागल्या. बोलणे थांबवावे लागले. माझे लक्ष सहज त्या गृहस्थाच्या हाताकडे गेले. गुडघ्यावर ठेवलेला उजव्या हाताचा अंगठा ठेका धरू लागला होता. त्याच्याही ते ध्यानात आले. त्याने शांतपणे मूठ मिटली आणि डाव्या हाताने ती झाकली. दाराआड मुलगा उभा होता. त्यानेही ते पाहिले असावे. वर्गात मुलाने हात मागे घेतला होता तो कोठून आला, हे मला त्या क्षणी उमगले.

माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला अशा वेळी पुस्तके आठवतात. ते आमचे भूषणही असते आणि दूषणही. मी विचारले, “तुमच्या प्रार्थनेत कोणती गाणी म्हणता?” त्याने काही नव्या चालींची गाणी सांगितली आणि काही जुनी ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली. ती जुनी गाणी ज्यांची, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी मी त्याला सांगू लागलो. नाव त्याने छापलेले पाहिले होते. माणूस ठाऊक नव्हता.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. घरादारात केवढा आकांत झाला, तो लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलाच आहे. तो ग्रंथ ज्यांनी वाचला नाही त्यांनी मराठी वाचले असे मी म्हणणार नाही. ख्रिस्ती झाल्यावर टिळकांपुढे एक प्रश्न उभा राहिला. मिशनच्या देवळांत पुष्कळशी गीते इंग्रजी चालींवर, भाषांतरित शब्दांत गायिली जात. ती म्हणताना मराठी माणसाचे ओठ हलत, पण हृदय हलत नसे. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, भजन आणले. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते उघडपणे सांगत. त्यांच्याही आधी, १८६० नंतरच्या दशकात, अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली होती. वीणा, टाळ, मृदंग घेऊन येशूची कथा सांगावयाची! ज्या वाद्यांवर काल हरिनाम झाले, त्यांवर आज प्रभूचे नाव कसे घ्यावे, ही शंका त्या काळी अनेकांना छळीत असे. जुने सोडून आलेल्याला जुन्याचा सूरही भिववितो. ते स्वाभाविक आहे. पण पुढे काय झाले? काल जे ‘जगातले’ वाटत होते, तेच आज देवळातले पवित्र गीत झाले आहे.

“म्हणजे टाळ-मृदंगसुद्धा एकदा बाहेरचे होते?” त्याने विचारले.

“बाहेरचेच होते,” मी म्हटले. “आणि तुमच्या माडीवर जो कीबोर्ड आहे, तोही कोठे देवळात जन्मला आहे?”

तो हसला. त्या घरात मी प्रथमच हसणे ऐकले.

परंतु वाचकहो, हा प्रश्न कीबोर्ड आणि मृदंग यांच्या हिशेबाने सुटण्यासारखा नाही. तसे असते तर जगात इतक्या जणांचे आयुष्य त्यापायी ओढाताणीत गेले नसते. अमेरिकेतील रॉक संगीताचे मोठमोठे गायक याच कडक पंथांच्या घरांतून आले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एल्विस प्रिस्ले लहानपणी टुपेलो गावी असेम्बलीज ऑफ गॉड या पेन्टेकॉस्ट मंडळीच्या प्रार्थनांना आईवडिलांबरोबर जात असे. पुढे त्याच्या गाण्यांवर तरुण पिढी वेडी झाली आणि धर्मोपदेशकांनी त्याच्यावर कोरडे ओढले. पण त्याला ग्रॅमी हे मानाचे पारितोषिक स्पर्धेत तीनदा मिळाले, ते तिन्ही वेळा धार्मिक गीतांसाठीच. जेरी ली लुईस हा पियानोवादक बायबल शिकविणाऱ्या विद्यालयातून काढला गेला, कारण तेथे त्याने एक प्रार्थनागीत नाचाच्या ठेक्यात वाजविले, असे सांगतात. त्याचा मावसभाऊ म्हणावा असा जवळचा नातलग जिमी स्वॅगर्ट त्याच पियानोवर वाढला आणि प्रसिद्ध धर्मोपदेशक झाला. लिट्ल रिचर्ड तर १९५७ मध्ये कीर्तीच्या शिखरावर असताना सारे सोडून धर्मशिक्षण घेऊ लागला आणि काही वर्षांनी पुन्हा रंगमंचावर आला.

या साऱ्यांत मला सिस्टर रोझेटा थार्प या बाईंची कथा विशेष वाटते. १९१५ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णी मुलीची आई पेन्टेकॉस्ट पंथाची फिरती प्रचारिका. आईच्या सभांत मुलगी लहानपणापासून गिटार वाजवी. १९३८ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध रंजनगृहात तीच देवाची गाणी गायिली आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. चर्चची मंडळी दुखावली. देवाचे गाणे मद्याच्या पेल्यांच्या किणकिणाटात कसे गावे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. बाई आयुष्यभर दोन्हीकडे गात राहिल्या. १९७३ मध्ये त्या वारल्या, आणि रॉक संगीताच्या उगमाशी याच बाईंची गिटार होती हे मान्य करून त्या संगीताच्या अमेरिकेतील स्मृतिमंदिरात त्यांचे नाव लागले ते २०१८ मध्ये.

सर्व ख्रिस्ती घरांत हा झगडा असतो, असे मात्र नाही. आपल्या गोव्यात चर्चच्या शाळांनीच मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले. ती मुले मुंबईस जाऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्यात जे नाव आहे, ते या गुरूचे. तेथे देऊळ आणि जग यांच्यामध्ये एक दार होते आणि ते उघडे होते. ज्या समाजाला शेकडो वर्षांची स्थिरता आहे, त्याला दार उघडे ठेवणे परवडते. जो माणूस कालपरवा आगीतून बाहेर पडला, तो दार लावून घेतो. त्याला आपण हसू नये.

आणि हसावे कोणी? आपण? आपल्या पांढरपेशा घरांत दोन पिढ्यांपूर्वी तमाशाचे नाव काढले तर काय होत असे? पेशवाईच्या अखेरच्या काळातील राम जोशी आठवा. सोलापूरच्या शास्त्रीपुराणिकांच्या घरातला हा मुलगा, घरी संस्कृताचे पठण, आणि मन मात्र शेजारच्या फडातील डफाच्या तालावर. थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. तो पंढरपुरास गेला, शास्त्रे शिकला, परत आला आणि पुन्हा लावणीच करू लागला. पुढे मोरोपंतांच्या सहवासाने त्याने डफ टाकून हाती वीणा घेतली आणि पंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव पोहोचविल्या, अशी कथा सांगतात. आज आपण त्याच्या लावण्या विद्यापीठात अभ्यासाला लावतो. मीही एम.ए.ला त्या अभ्यासल्या आणि त्यांवर गुण मिळविले. परंतु थोरल्या भावाची बाजू मला कोणत्याही प्रश्नपत्रिकेत कोणी विचारली नाही. घरातला एक हुशार मुलगा फडावरच्या दौलतजादात आणि व्यसनात बुडेल, हे त्याचे भय खोटे होते का? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा शृंगारिक चिजांच्या जागी भक्तीचे शब्द घातले, ते याच भयाला उत्तर म्हणून. घरंदाज मुलामुलींना गाणे शिकता यावे यासाठी त्यांनी गाण्याची संगत बदलली. सूर तेच राहिले.

मला वाटते, मर्म या ‘संगत’ शब्दात आहे. त्या गृहस्थाला ढोलाचे भय नव्हते, ढोलाच्या संगतीचे होते. मुलाला मात्र त्या संगतीची काहीच आठवण नाही. त्याने मोहाची दारू पाहिलेली नाही, बापाला झिंगलेला पाहिलेला नाही. बापाने ज्या खाईतून घर वर काढले, ती खाई मुलाच्या जन्माआधीच मागे पडली होती. मुलाला दिसतो तो फक्त नियम. नियमामागची जखम त्याला कोणी दाखविलेली नसते, कारण जखमा मुलांना दाखवू नयेत असे आपण मानतो. मग मुलाला वाटते, बाप निष्ठुर आहे. बापाला वाटते, मुलगा त्याच वाटेने चालला. आणि मध्ये एखादा मुख्याध्यापक येऊन म्हणतो, घरी सांगायची गरजच काय!

मी त्या गृहस्थाला एवढेच म्हटले, “भाऊ, तुम्ही मला जे सांगितलेत ते मुलाला सांगितले आहे का?” त्याने मान हलविली. मुलगा अजून दाराआडच होता. वडिलांनी त्याला आत बोलावून जवळ बसविले. पुढचे ऐकावयास मी थांबलो नाही. ते माझ्या ऐकण्याचे नव्हते.

दुसऱ्या सोमवारी मुलगा शाळेत आला. आता सारे सुरळीत झाले, असे लिहून लेख गोड करण्याचा मोह मला होतो. पण तसे झालेले नाही. चित्रपटाच्या गाण्यांवर वाजवावयास त्याला आजही परवानगी नाही. वरातीच्या बँडमध्ये तर नाहीच. शाळेची प्रार्थना आणि समूहगीते यांना तो ढोलक वाजवितो, आणि माडीवरच्या रविवारच्या उपासनेतही आता वाजवू लागला आहे. उरलेल्याविषयी वडिलांचे म्हणणे असे, की मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत मी सांगेन ते, त्यानंतर तो आणि त्याचा देव. मुलाला हे पटले आहे का? एकदा मी विचारले. तो म्हणाला, “पटलं नाही, सर. पण आता घरी भांडता तरी येतं. आधी तेही येत नव्हतं.” थोडे थांबून म्हणाला, “आणि चोरून वाजवताना हात आखडतो. त्या दिवशी माझ्या हातून दोनदा ठेका चुकला होता. कुणाला कळलं नाही. मला कळलं.”

मलाही ते कळले नव्हते. मी टाळ्या वाजवीत होतो.

पुढे हा मुलगा काय होईल, ते मी सांगू शकत नाही. कदाचित तो मोठा वादक होईल आणि घरापासून दूर जाईल. कदाचित उपासनेतच त्याची कला फुलेल. कदाचित लूमच्या खडखडाटात ती विरून जाईल, आणि त्याचे दुःख त्याच्या वडिलांपेक्षा मलाच अधिक होईल. दोन्ही बाजूंना काही मोल द्यावे लागणारच आहे. ते कोणी द्यावयाचे, हे बाहेरच्याने ठरवू नये, एवढे मात्र मी शिकलो.

आमच्या शाळेत आता एक साधी पद्धत घातली आहे. कोणत्याही मुलाला कार्यक्रमात घेण्यापूर्वी घरी चिठ्ठी जाते, गाणे कोणते तेही तीत लिहिलेले असते, आणि एखाद्या घरातून नकार आला तर शिक्षक स्वतः जाऊन कारण विचारून येतात. मन वळविण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी. गेल्या काही दिवसांत अशा भेटींतून वस्तीतील कितीतरी घरांच्या कहाण्या आम्हांला कळल्या. त्यांत एक वारकरी घरही होते, ज्याने लावणीला नकार दिला होता, आणि त्याचेही कारण त्या ढोलवाल्याच्या कारणाहून फारसे निराळे नव्हते.

ज्या घरी नियम कडक आहेत, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, की नियमाबरोबर त्याची कथाही मुलांना सांगावी. आणि आपल्यासारख्या, स्वतःला मोकळ्या मनाचे समजणाऱ्या मंडळींनी दुसऱ्याच्या मुलाला मोकळे करावयास निघण्यापूर्वी एकदा त्याच्या घरचा चहा घेऊन यावे.